गणिताला भिऊ नका, हत्याराला लाजू नका!

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की आमच्या वस्त्यावस्त्यांतून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘पोराचं डोकं गणितात चालत नाही, घाला त्याला आयटीआयला,’ हे एक. आणि ‘पोरगं हुशार आहे, त्याला पान्या-पक्कडीला हात लावू देऊ नका, त्याला साहेब व्हायचंय,’ हे दुसरे. वरवर पाहता दोन्ही वाक्यांत आई-बापाची मायाच आहे. पण जरा खोलात जाऊन पाहिले, तर ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत हे ध्यानात येईल. ज्याच्याकडे गणित आहे त्याने हात काळे करायचे नाहीत आणि ज्याच्या हातात कला आहे त्याने गणिताच्या वाटेला जायचे नाही, ही विभागणी कोणी केली? कॉलेजने केली नाही, कंपनीनेही केली नाही. ती त्यांच्या कितीतरी आधीची आहे. पोथी एका घरात आणि हत्यार दुसऱ्या घरात ठेवणाऱ्या व्यवस्थेने ती केली, आणि आज आमचीच माणसे आमच्याच मुलांना ती नकळत शिकवीत आहेत!

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, त्यांना पर्शियन घ्यावी लागली, हा इतिहास आमच्या वाचकांना सांगायला नको. पुढे त्यांनी संस्कृतही आत्मसात केली. हेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले तेव्हा १९४२ साली सरकारपुढे ठेवलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी पैसे द्या, असा आग्रह धरला होता. नुसती कारकुनी करणारी पिढी त्यांना नको होती. आज त्या जुन्या संस्कृतच्या दरवाज्याच्या जागी दुसरा एक दरवाजा उभा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, ते त्याचे नाव सांगतील : एम-थ्री. गणिताचा तिसरा पेपर. या पेपरात अडकून एटीकेटीच्या फेऱ्यात सापडलेली, वर्ष गेल्याने शिष्यवृत्तीची चिंता लागलेली आणि शेवटी ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून घरी बसलेली मुले प्रत्येक जिल्ह्यात आहेत. म्हणून हा विषय केवळ करिअर मार्गदर्शनाचा राहत नाही.

आम्ही मुद्दाम इलेक्ट्रॉनिक्सचे उदाहरण घेत आहोत. सुताराला लाकूड दिसते. गवंड्याला भिंत दिसते, ती वाकडी झाली तर ओळंबा लावून कळते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ज्याच्याशी काम आहे तो प्रवाह डोळ्यांना दिसतच नाही. तो पाहण्याचे डोळे दोनच : एक मीटर आणि दुसरे गणित. एक डोळा झाकून हे काम करता येते, नाही असे नाही. हजारो लोक करतात. पण एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, तसेच येथे होते.

टीव्ही-मोबाइल चार्जर दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा, पॉवर सप्लायच्या तोंडाशी बसवलेला मोठा कंडेन्सर किती व्होल्टचा घ्यायचा? तो चटकन सांगेल, चारशेचा किंवा साडेचारशेचा. का? घरात तर लाइट २३० व्होल्टची आहे, मग अडीचशेचा का चालत नाही? ‘फुटतो,’ हे त्याचे उत्तर, आणि ते अनुभवाने आलेले खरे उत्तर आहे. पण २३० हा आकडा एक प्रकारची सरासरी आहे. लाट वर जाते तेव्हा तिचे टोक २३० गुणिले २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टला पोहोचते आणि कंडेन्सर त्या टोकापर्यंत भरतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. इकडे कॉलेजातला मुलगा हेच वर्गमूळ परीक्षेत सिद्ध करून दाखवतो, पण टेबलावरचा तो कंडेन्सर त्याला ओळखता येत नाही, आणि स्वीच बंद केल्यावरही तो भरलेलाच राहतो व झटका देतो, हे तर त्याच्या गावीही नसते. दोघांकडे अर्धे-अर्धे ज्ञान आहे. पगार मात्र पहिल्याला चौथाई मिळतो, आणि दुसऱ्याला मुलाखतीत दोन प्रश्नांनंतर घरी पाठवतात.

आता गणिताच्या भीतीचे पाहू. बारावीच्या मुलाला ‘ई’ नावाची संख्या भूतासारखी वाटते. २.७१८ ही काय भानगड आहे, ती कोठून आली, कोणी सांगत नाही; पाठ करा म्हणतात. एक नऊ व्होल्टची बॅटरी घ्या, दहा हजार ओहमचा रेझिस्टर घ्या आणि १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घ्या. तिन्ही एकापुढे एक जोडा, कंडेन्सरची उलटसुलट बाजू नीट पाहून. कंडेन्सरवर मीटर लावा आणि हातातल्या घड्याळाकडे बघा. दहा सेकंदांनी मीटर सुमारे ५.७ दाखवील. वीस सेकंदांनी ७.८. तीस सेकंदांनी ८.५ च्या आसपास. पहिल्या दहा सेकंदांत उरलेल्या वाटेपैकी ६३ टक्के वाट, पुढच्या दहा सेकंदांत पुन्हा उरलेल्यापैकी ६३ टक्के, आणि असेच पुढे. ती ‘ई’ म्हणजे हीच चाल! हे आकडे एका वहीत लिहून त्यांचा आलेख काढला की पुस्तकातली ती वाकडी रेघ स्वतःच्या हाताने निघते. मग पुस्तकातले समीकरण वाचा, ते ओळखीचे वाटेल.

गंमत पुढेच आहे. तुमचे उत्तर दहाच्या ऐवजी साडेअकरा सेकंद येईल, किंवा नऊ येईल. कारण बाजारातल्या अशा कंडेन्सरवर १००० लिहिलेले असले तरी तो वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो. आता रेझिस्टर एक लाख ओहमचा लावा आणि कंडेन्सर १०० मायक्रोफॅरडचा. गुणाकार तोच, म्हणजे वेळ पुन्हा दहा सेकंदच यायला हवा. पण स्वस्तातला मीटर लावला असेल तर काटा नऊ व्होल्टला पोहोचतच नाही, सव्वाआठच्या अलीकडे अडकून बसतो. पुस्तक चुकले काय? नाही. त्या मीटरच्या पोटातच सुमारे दहा लाख ओहमचा रोध आहे, आणि तो मोजता मोजता स्वतःच थोडा प्रवाह पिऊन टाकतो! मोजणारा मोजलेल्या गोष्टीला बदलतो, हे कळायला एक हात लागतो आणि ओहमचा नियमही लागतो. पुस्तकातले उत्तर आणि टेबलावरचे उत्तर यांत फरक का पडला, हे ज्याला सांगता आले तो इंजिनिअर. ही आमची व्याख्या, आणि मुलाखत घेणारे अनुभवी लोकही प्रश्न विचारतात ते याच फटीत बोट घालून.

आमच्या मुलांना गणित येत नाही, हे म्हणणेच मुळात तपासून घेतले पाहिजे. वस्तीतला केबलवाला पोरगा पाहा. एका वायरीचे दोन भाग केले की सिग्नल साडेतीन डीबी पडतो, पुन्हा दोन केले की पुन्हा साडेतीन, मग वीस डीबीचा बूस्टर टाकायचा, हा हिशेब तो खांबावर चढून तोंडी करतो. डीबी म्हणजे लॉगॅरिथम. निम्मे झाले की तीन वजा, दसपट झाले की दहा अधिक, शंभरपट झाले की वीस अधिक. गुणाकाराची बेरीज करून टाकणारी ती युक्ती. तो मुलगा दहावीत गणितात नापास झाला असेल, पण लॉगॅरिथम तो रोज खातो-पितो आहे. त्याला हे सांगणारा मास्तर भेटला नाही, एवढाच त्याचा दोष. रेझिस्टरच्या दुकानातल्या डब्या पाहा : १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. हे विचित्र आकडे कोठून आले? प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.२१ पट आहे. बारा वेळा तसे गुणले की बरोबर दहापट. शाळेत जिला भूमिती श्रेढी म्हणून घोकले, ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत डब्यांत भरून विकायला ठेवलेली आहे!

मग नोकरीसाठी किती गणित लागते? येथे खोटा धीर देण्यात अर्थ नाही आणि खोटी भीती घालण्यातही नाही. सर्व्हिस, बसवणी, कारखान्यातले टेस्टिंग या कामांना ओहम-किरचॉफचे नियम, शेकडेवारी, प्रमाण, डीबी आणि नीट वाचलेला आलेख एवढ्यावर माणूस खूप पुढे जातो. डिजिटल आणि मायक्रोकंट्रोलरच्या कामाला दोनच्या पायावरची संख्यापद्धती आणि बूलचे तर्कगणित हवे, आणि ते शिकायला बारावीचे कॅल्क्युलस आडवे येत नाही. पण सर्किट स्वतः रचायचे असेल, तर काल्पनिक संख्या आणि अवकल समीकरणे यांना पर्याय नाही. मोबाइलचे दळणवळण, आवाज-चित्रावरचे काम, रडार, यांत फोरियर, संभाव्यता आणि मॅट्रिक्स पदोपदी येतात. नोकरीला लागल्यावर अनेक इंजिनिअर वर्षानुवर्षे एकही इंटिग्रेशन हाताने सोडवत नाहीत, हेही खरे. कॉम्प्युटर सोडवतो. पण कॉम्प्युटरने दिलेले उत्तर मूर्खपणाचे आहे की शहाणपणाचे, हे ओळखायला डोक्यात गणित असावे लागते. ज्याच्याकडे ते नाही, तो दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर वायरी जोडीत राहतो. असेंब्ली लाइनवर सोल्डरिंगला आमच्या मुलींचे हात, आणि डिझाइनच्या टेबलावर दुसऱ्यांची डोकी, हे चित्र पालटायचे असेल तर हे कडू औषध घ्यावेच लागेल.

डिग्री नसलेल्या माणसाला गणित येऊच शकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज माणसाचे चरित्र वाचावे. १८५० साली लंडनच्या गरीब घरात जन्म, सोळाव्या वर्षी शाळा सुटली, मग तार कंपनीत तारवाला. (मोठे शास्त्रज्ञ व्हीटस्टन हे त्याच्या मावशीचे यजमान होते, हेही सांगितले पाहिजे, ओळखीचा उपयोग तिकडेही होतो!) कॉलेजचे तोंड न पाहता त्याने मॅक्सवेलचा विजेवरचा अवघड ग्रंथ एकट्याने वाचून काढला, त्यासाठी लागणारे गणित स्वतः शिकला, १८७४ साली नोकरी सोडून त्यातच बुडाला, आणि मॅक्सवेलची वीस समीकरणे चारांत बसवली. आज जगभर मॅक्सवेलची म्हणून शिकवतात ती चार समीकरणे या तारवाल्याने मांडलेल्या रूपातली आहेत. ‘इम्पीडन्स’ हा शब्दही त्याचाच. लांब तारेतून आवाज फाटतो तो का, याचे गणित करून त्याने १८८७ च्या सुमारास दाखवून दिले की तारेत इंडक्टन्स वाढवला तर आवाज स्वच्छ जाईल. ब्रिटिश टपाल-तार खात्यातले बडे अधिकारी विल्यम प्रीस यांनी ते उडवून लावले. आम्ही अनुभवी माणसे, आम्हाला समीकरणे काय शिकवता, असा त्यांचा तोरा. पुढे १९०० साली अमेरिकेत त्याच तत्त्वावर मायकेल प्युपिन यांना पेटंट मिळाले, तारेत ठरावीक अंतरावर कॉइल बसवून दूरचे टेलिफोन बोलू लागले, आणि पैसा दुसऱ्यांनी कमावला. हेविसाइड १९२५ साली गरिबीतच गेला. ही गोष्ट आम्ही सांगतो ती एवढ्यासाठी, की त्याचे गणित तार हाताळलेल्या माणसाचे गणित होते, आणि त्याला विरोध करणारा साहेब अनुभवाच्या नावाखाली अडाणीपणा मिरवत होता. निव्वळ अनुभवाचा अहंकारही काही कमी घातक नाही, हे आमच्या दुकानदार उस्तादांनीही लक्षात घ्यावे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आमच्या मुलांसाठी एक शिडी आहे आणि ती चांगली आहे. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड. तेथून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. डिप्लोमा झाला की थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. मजुराचा मुलगा या शिडीने इंजिनिअर होतो, आणि झालेले अनेकजण आहेत. पण ही शिडी नीट न्याहाळा. पहिली उडी मारताना डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे गणित सुटते. दुसरी उडी मारताना डिग्रीच्या पहिल्या वर्षाचे एम-वन आणि एम-टू सुटते. म्हणजे शिडीच्या ज्या पायऱ्या गाळलेल्या आहेत, त्या नेमक्या गणिताच्या आहेत! आयटीआयत शिकवलेल्या वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या बळावर हा मुलगा एकदम लाप्लास आणि फोरियरसमोर जाऊन उभा राहतो. शेजारच्या बाकावर बारावी आणि कोचिंग क्लास करून आलेला मुलगा बसलेला असतो. पहिल्या युनिट टेस्टला आमचा मुलगा नापास होतो आणि सगळे म्हणतात, ‘बघा, यांना गणित येत नाही!’ पायऱ्या काढून घ्यायच्या आणि वर चढता येत नाही म्हणून हसायचे, हा न्याय कोणता?

काही कॉलेजांत यावर ब्रिज कोर्स आहे, पण बऱ्याच ठिकाणी तो कागदावर असतो, कॉलेज सुटायच्या वेळी असतो, किंवा प्रवेशाची शेवटची फेरी उरकेपर्यंत संपून गेलेला असतो. मार्च २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बारावीला गणित-भौतिकशास्त्र नसलेल्यांसाठीही इंजिनिअरिंगचे दार किलकिले करण्याची भूमिका घेतली, तेव्हा देशभर गदारोळ झाला. दर्जा घसरेल म्हणून अग्रलेख पडले. परिषदेने तेव्हाही ब्रिज कोर्सचे नाव घेतले होते. पण तो कोर्स कोण शिकवणार, किती तासांचा, पैसे कोण देणार, यावर त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही. दार उघडायचे की बंद ठेवायचे यावर भांडणे सोपे असते. उंबरठ्याखाली पायरी बांधायला मात्र विटा लागतात.

प्रयोगशाळेची गोष्ट तर विचारूच नका. प्रात्यक्षिकाच्या किटवर सर्किट आधीच जोडलेले, मुलांनी फक्त पिना खोचायच्या. एका किटवर पाच मुले. त्यातला पुढे होऊन हात कोण लावतो? ज्याच्या घरी संगणक उघडून बसायची मुभा होती तो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा, बिघडले तर भरून द्यावे लागेल या धास्तीने मागे उभा राहून आकडे लिहितो. आणि पुष्कळदा तेही लिहीत नाही; मागच्या बॅचची फाइल मिळते, ती उतरवून सबमिशन होते, सही होते, टर्मवर्कचे मार्क मिळतात. चार वर्षांत एकदाही सर्किट न जाळलेला इंजिनिअर बाहेर पडतो! सरकार डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटी रुपये जाहीर करते, मार्च २०२४ मध्ये धोलेरा, साणंद आणि आसामात जागीरोडला कारखान्यांच्या पायाभरण्या होतात, आणि तळेगावचा प्रकल्प कोणी पळवला म्हणून आपल्याकडे सभा गाजतात. कारखाना येवो अथवा जावो, त्याच्या दारात उभे राहण्याइतकी तयारी असलेली किती मुले आपल्याकडे आहेत, हे कोणी मोजले आहे काय?

ही तयारी करण्याची साधने आहेत, ती वापरली जात नाहीत. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने डिप्लोमा आणि डिग्रीवाले इंजिनिअरही त्यात आले. विद्यावेतन घेऊन वर्षभर कारखान्यात शिकता येते. ‘अप्रेंटिस म्हणजे नोकरी नव्हे’ म्हणून आमची मुले नाक मुरडतात आणि तेच वर्ष स्पर्धा परीक्षेच्या आशेवर घालवतात. नारायणगावजवळ खोडदला तीस प्रचंड अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर, आणि त्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. ताऱ्यांकडून येणारा तो क्षीण सिग्नल फोरियरच्या गणिताने चाळला जातो. ज्या फोरियरने आमच्या मुलाची एटीकेटी लागली, त्याच फोरियरने! तेथे वेल्डर, वायरमन आणि गणिती एकाच यंत्रावर काम करतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, फेब्रुवारीच्या शेवटी, तेथे प्रदर्शन भरते. सहली काढणाऱ्या मंडळांनी एक गाडी तिकडे न्यावी.

आमची मागणी मोठी नाही. डिप्लोमा आणि डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट आलेल्या प्रत्येक मुलासाठी सुटलेल्या वर्षाच्या गणिताचा किमान साठ तासांचा वर्ग, वेळापत्रकात छापलेला, शिकवणाऱ्याच्या मानधनासह, ही विद्यापीठांची आणि तंत्रशिक्षण संचालनालयाची जबाबदारी आहे. संघटनांनी निवेदने देताना शिष्यवृत्तीच्या मागणीखाली ही एक ओळ घालावी. कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी दोन तास उघडी ठेवायला फक्त एका परिचराचा ओव्हरटाइम लागतो. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांत आणि बार्टीच्या प्रशिक्षणात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी एक टेबल, एक मीटर, दोन ब्रेडबोर्ड, सोल्डरिंगची एक कांडी आणि जुन्या बाजारातला एखादा चालू सीआरओ ठेवता येईल. आणि महावितरण, रेल्वे, दूरसंचार, आकाशवाणी यांतून निवृत्त झालेले आमचे शेकडो तंत्रज्ञ व इंजिनिअर आज घरी वर्तमानपत्र वाचत बसले आहेत. हा अग्रलेखही त्यांच्यापैकी काहीजण वाचत असतील. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ जवळच्या वसतिगृहावर जावे, आणि हे याच सत्रात व्हावे. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलाचा एम-थ्रीचा पेपर जेमतेम चार महिन्यांवर असतो.